कोलासुराची पाळ

पाटलाचा देव झाल्याची एक हकीकत भंडाऱ्याच्या मुलखात अजून सांगितली जाते. नवेगावचा विस्तीर्ण तलाव ज्याने बांधला असे परंपरा मानते तो कोलू पाटील कोहळी, अठराव्या शतकाच्या आरंभीचा एक कर्तबगार गावप्रमुख, मरणोत्तर कोलासुर या नावाने पूजिला जाऊ लागला. तलावाभोवतीच्या डोंगरांपैकी एकाच्या माथ्यावर त्याचे ठाणे झाले, आणि तेथली सात शिखरे ‘सात बहिणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली, कारण पाळ घालताना याच सात देवतांनी कोलूला हात दिला अशी लोकांची श्रद्धा. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनीही तलावाचा घेर सतरा मैल असल्याचे नोंदविताना ही हकीकत गाळली नाही. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन नवेगाव नव्या गोंदिया जिल्ह्यात गेले. तथापि कोलासुर हा जुन्या अखंड भंडाऱ्याचाच देव आहे, आणि या प्रकरणाचा आरंभ त्याच्यापासूनच करणे योग्य होईल.

माणसे भयापोटी देव करतात तशी कृतज्ञतेपोटीही करतात, हे काही नवे नाही. पण येथे देवत्व मिळाले ते एका स्थापत्यकाराला, आणि तेही रणात पडल्यामुळे किंवा चमत्कार दाखविल्यामुळे नव्हे, तर दोन डोंगरांमधील खिंड मातीने बुजवून पावसाचे पाणी अडविल्यामुळे. याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. पाळ एकदा बांधून होते, परंतु देवाची पूजा दरवर्षी करावी लागते. पूजेसाठी माणसे दरवर्षी पाळीवरून जातात, आणि जी वाट दरवर्षी तुडविली जाते तिच्यावरील खड्डा कोणाच्या तरी नजरेस पडल्यावाचून राहत नाही. पुढे सांगावयाचे आहे ते एवढ्यावरच उभे आहे. हवामानाचे फटके सोसण्याची गावाची ताकद प्रवचनाने वाढत नाही आणि आपत्तीनंतर वाटलेल्या शिध्यानेही फारशी वाढत नाही. ती वाढते ठरलेल्या तिथीला, न बोलाविता, दहा हात एका कामावर येण्याने, आणि अशी तिथी पाळून घेण्याची शक्ती सरकारी परिपत्रकापेक्षा श्रद्धेच्या मंडळींपाशी अधिक असते.

भंडारा हा धानाचा जिल्हा. वर्षाकाठी सुमारे 1300 मिलिमीटर पाऊस येथे पडतो, म्हणजे महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्याला हेवा वाटावा इतका. परंतु त्यातील बहुतेक चार महिन्यांत, आणि त्या चार महिन्यांतही लहरीप्रमाणे. मृगात पऱ्हे टाकावे, पऱ्हे हातभर व्हावे, आणि नेमके रोवणीच्या वेळी आभाळाने पाठ फिरवावी, हा येथील शेतकऱ्याचा जुना अनुभव. बांध्यांत चिखलणीपुरते पाणी नसेल तर पऱ्हे जागच्या जागी वयात येऊन निरुपयोगी होते, आणि मग ऑगस्टात कितीही पाऊस झाला तरी त्याचा उपयोग नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 1950 ते 2015 या अवधीत मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. म्हणजे पाऊस नुसता कमी झालेला नाही. तो बेहिशेबी झाला आहे, आज पाठ दाखविणारा आणि उद्या छातीवर येऊन बसणारा. 2020 सालच्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील पाणी घेऊन वैनगंगा अशी फुगली की गोसेखुर्द धरणाचे तेहेतीसही दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरापासून पवनी-लाखांदूरपर्यंत काठची गावे पाण्यात बसली.

या बेहिशेबी पावसाचा हिशेब ठेवण्याचे यंत्र म्हणजे तलाव. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्याखालील जमिनीच्या सवलती दिल्या, ‘तुकूम’ या नावाने त्यांची आठवण कितीतरी गावांच्या नावांत उरली आहे. कोहळ्यांना चांद्याच्या एका राजाने काशीकडून आणले अशी आख्यायिका रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविली आहे. आणि नवेगावबांध, शिवनीबांध, सिरेगावबांध अशी गावेच्या गावे आपल्या नावामागे बांध घेऊन नांदत आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना सरकारी कचेरीपासून चहाच्या टपरीपर्यंत सारेच ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांच्या रचनेत एक शहाणपण आहे. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरतो, खालचा त्याच्याही खालच्या बोडीला, म्हणजे लहान तळ्याला. जंगलातून निघालेले पाणी अशा पायऱ्या उतरत नदीला मिळते, आणि वाटेत प्रत्येक पायरीवर काही काळ थांबते. मात्र याच रचनेचा दुसरा अर्थ असा की, वरची पाळ फुटली तर तिचा लोंढा खालची पाळ घेऊन जातो. म्हणून वरच्या गावाच्या आळसाचे प्रायश्चित्त खालच्या गावाला घ्यावे लागते, आणि कोणत्याही एका गावाला केवळ आपल्या पुण्याईवर सुरक्षित राहता येत नाही.

पाळ फुटते कशी, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. ती वरून वाहून जाण्यापूर्वी बहुधा आतून खाल्ली जाते. खेकड्याचे अथवा घुशीचे एखादे बीळ, वाळून कुजलेल्या झाडाच्या मुळाने सोडलेली एखादी पोकळी, एवढे निमित्त पुरते. तलाव भरू लागला की पाणी त्या वाटेने पाळीच्या पोटात शिरते आणि मागल्या बाजूस बोटभर धारेने बाहेर पडते. ही धार नितळ असेल तोवर चिंता थोडी, कारण मातीची पाळ थोडीफार पाझरतेच. परंतु ती गढूळ झाली की जाणता माणूस ओळखतो, ते पाणी आता पाळीची माती आपल्याबरोबर नेत आहे. तेथून एखाद्या रात्रीचाच अवकाश. त्या रात्री पाटबंधारे खात्याचा अभियंता जिल्ह्याच्या गावी असतो. धार गढूळ झाल्याचे ज्याला प्रथम कळते तो पहाटे जाळे काढावयास गेलेला ढिवर असतो, आणि मातीने भरलेली पोती खांद्यावर घेऊन पाळीवर धावायची असतात ती शेजारची माणसे. आता ती माणसे धावतील की नाही, हा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा राहत नाही.

तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याने 1950 साली केलेल्या कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची सत्ता, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तो कायदा न्याय्य होता, यात संदेह नाही. मालगुजाराच्या अमलात पाळ दुरुस्त होत असे हे खरे, पण ती कोणाच्या पाठीवर दुरुस्त होत असे हेही विसरता कामा नये. वेठीने राबणाऱ्या रयतेच्या घामावर उभी असलेली व्यवस्था केवळ पाणी अडवीत होती म्हणून वंदनीय ठरत नाही. तथापि कायद्याने हक्क एका हातातून दुसऱ्या हातात दिला, कर्तव्य मात्र मध्येच गळून पडले. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. दप्तरात तलावाचे नाव, सिंचनक्षेत्र, पाणीपट्टी सारे काही आले, परंतु पाळीवरचे झुडूप कोणी कोणत्या दिवशी कापावे ही वहिवाट कोणत्याही रकान्यात बसली नाही. गाळ साचला, कडेने अतिक्रमणे झाली, बेशरमाच्या रानाने काठ गिळला. अलीकडच्या काळात जलयुक्त शिवार, गाळमुक्त धरण यांसारख्या योजनांतून काही तलावांचा गाळ निघाला, ही चांगली गोष्ट झाली. पण योजना संपते आणि गाळ पुन्हा येतो.

श्रद्धेच्या मंडळींनी पाण्याचा कारभार पाहावा ही कल्पना या भूमीला परकी नाही. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले, आणि त्यांतील शिल्पांत मुचलिंद नागाचे अंकन आढळले. बौद्ध कथेतील हा नागराजा सरोवरात राहणारा; अवेळी मेघ दाटून सात दिवस पाऊस कोसळू लागला तेव्हा त्याने ध्यानस्थ बुद्धाला वेटोळे घालून वर फणा धरला. वैनगंगेच्या काठी, जेथे पूर हा पाहुणा नसून सोयरा आहे, तेथे दात्यांनी स्तूपासाठी नेमके हे शिल्प करविले असावे याचे मोठे कुतूहल वाटते. सांचीच्या परिसरातील प्राचीन धरणांचा अभ्यास करताना ज्युलिया शॉ या संशोधिकेला तेथील विहार, नागमूर्ती आणि मातीची धरणे परस्परांच्या सान्निध्यात आढळली, आणि भिक्षुसंघाचा पाणी व धानशेती यांच्या व्यवस्थेशी निकटचा संबंध असावा असे मत त्यांनी मांडले. पवनीचे भिक्षू पाळ बांधीत होते असे यावरून सिद्ध होत नाही. पण ध्यान आणि धरण यांच्यात आज आपण मानतो तितके अंतर त्या काळी नव्हते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या परंपरेची दुसरी बाजू झाकून ठेवली तर हे प्रकरण भाबडे होईल. ज्या श्रद्धेने तळी बांधली तिनेच त्या तळ्यांवरून माणसांना हाकलले. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो पाणी कमी होते म्हणून नव्हे. त्याच बाबासाहेबांनी 1954 साली भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढविली आणि ते पराभूत झाले. दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांनी जो धम्म स्वीकारला त्याचे विहार आज या जिल्ह्यात गावोगावी उभे आहेत. म्हणून ‘श्रद्धावंतांनी दुर्बलांना साहाय्य करावे’ हे वाक्य भंडाऱ्यात उच्चारताना जरा थांबावे लागते. ते वाक्य गृहीत धरते की मंडळी एकीकडे आणि दुर्बल दुसरीकडे आहेत. येथे विहारात जमणारी मंडळी, भजनाला बसणारी मंडळी आणि पुरात ज्यांच्या भिंती प्रथम खचतात ती मंडळी पुष्कळ वेळा एकच असते. साहाय्य बाहेरून यावयाचे नाही. जमण्याची जी सवय आधीच अंगी आहे ती पाळीकडे वळवायची आहे.

ही वळणाची वाट विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सर्वांत स्पष्टपणे दाखविली. 1955 साली त्यांनी लिहिलेल्या ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत मोक्षाइतकीच ग्रामशुद्धीची, ग्रामआरोग्याची आणि श्रमसंपत्तीची चर्चा आहे, आणि तो ग्रंथ अर्पण केला आहे तो ग्रामदेवतेला, म्हणजे गावालाच. श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना ज्याने पाहिली आहे त्याला तिची शिस्त ठाऊक असेल. संध्याकाळी घंटा होते. माणसे येतात तशी मागच्या ओळीला जोडून बसतात, त्यामुळे पुढची जागा पाटलाला आणि मागची मजुराला असा भेद करावयास वावच राहत नाही. काही क्षण संपूर्ण मौन असते, आणि मग खंजिरीचा ताल सुरू होतो. त्या ओळीचे सामर्थ्य भजनाच्या सुरात आहेच, पण त्याहून अधिक ते उद्याच्या कामाची सूचना सर्वांच्या देखत दिली जाण्यात आहे. चारचौघांत ऐकलेली गोष्ट ‘मला कळलेच नाही’ म्हणून टाळता येत नाही.

हे असेच अन्यत्रही घडले आहे काय, अशी शंका वाचकाला येईल, म्हणून दोन उदाहरणे देतो. बाली बेटावर भाताच्या खाचरांना पाणी सोडण्याचे वेळापत्रक शतकानुशतके जलमंदिरांच्या विधींतून ठरत आले. ‘सुबक’ या नावाच्या शेतकरीसंघांतील कोणी केव्हा पाणी घ्यावे आणि कोणी केव्हा शेत पडीत ठेवावे हे देवळाच्या पंचांगावरून निश्चित होई. 1970 च्या दशकात हरितक्रांतीच्या सल्लागारांनी हे विधी बाजूला सारून ज्याने त्याने जमेल तितकी पिके घ्यावीत असा आग्रह धरला, तेव्हा सर्वांची शेते एकाच वेळी पडीत राहणे संपले, किडींना बारमाही अन्न मिळाले आणि पिके नासली. देवळाचे पंचांग हे पाण्याचे आणि किडीचे गणित होते, हे स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने पुढे दाखवून दिले. 2012 साली युनेस्कोने या व्यवस्थेला जागतिक वारशाचा मान दिला. दुसरे उदाहरण घरचे. हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू अहमदनगरच्या दुष्काळी भागात आयुष्यभर राबले. त्यांच्या प्रेरणेने पाणलोट विकासाचा भारत-जर्मन कार्यक्रम उभा राहिला आणि 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापिली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत या कामाच्या अटी कडक होत्या: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि निर्णय गावाच्या सभेचा. धर्मगुरूंनी गावाला धर्म बदलावयास सांगितले नाही. बकऱ्या बांधावयास सांगितले, आणि हे अधिक अवघड होते.

चराईबंदीचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न तेथे जसा मेंढपाळाचा असतो तसा भंडाऱ्यात तो ढिवराचा आहे. तलावाच्या पाण्यावर दोघांचा जीव आहे. धानवाल्याला पाणी बांध्यांत हवे, ढिवराला ते तलावात हवे; एकाची पाळी आली की दुसऱ्याच्या मासोळ्या चिखलात तडफडतात. शेतकऱ्याच्या नावावर सातबारा आहे. ढिवर बहुधा भूमिहीन, त्याच्यापाशी मत्स्यसंस्थेच्या इजाऱ्याचा कागद तेवढा. शिवाय रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्याच्या धोरणात मरळ-मागूरांसारख्या स्थानिक मासोळ्या मागे पडल्या आणि ज्या पाणवनस्पतींच्या आधाराने त्या अंडी घालीत त्याही नाहीशा झाल्या. अर्जुनी-मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि त्यांच्या ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’ने ढिवर समाजाबरोबर, विशेषतः त्या समाजातील स्त्रियांबरोबर, जे काम केले त्याचे मोल येथे कळते. बेशरम मुळासकट उपटणे, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तलावतळाचा काही भाग नांगरून त्यात देशी पाणवनस्पती लावणे, आणि मग पावसाळ्यानंतर परतलेल्या मासोळ्यांची मोजदाद करणे, असा तो क्रम आहे. हे मंडळ धार्मिक नव्हे. परंतु त्याने एक गोष्ट केली जी श्रद्धेच्या मंडळींना पुष्कळदा सुचत नाही: कोणती वनस्पती कोठे लावावी हे ढिवरांना शिकविण्याऐवजी त्यांच्याकडूनच विचारून घेतले.

आता तीन गोष्टींची गाठ पडली पाहिजे. मंडळींपाशी जमण्याची सवय आहे, ढिवरापाशी पाण्याचे ज्ञान आहे, आणि कचेरीपाशी पैसा व अधिकार आहे. आजवर या तिघांची भेट बहुधा पाळ फुटल्यावर, नुकसानभरपाईच्या अर्जापाशी झाली. प्रार्थनेच्या ओळीत शेतकरी आणि ढिवर शेजारी बसत असतील तर तलावातील किती फूट पाणी रोवणीला सोडावे आणि किती मासोळ्यांसाठी राखावे, हा तंटाही त्याच ओळीत बसून सुटण्याजोगा आहे. तो तेथे सुटला नाही तर कोर्टात निश्चितच सुटणार नाही. मात्र त्यासाठी ढिवर हा शिधा घेणारा म्हणून नव्हे, हिस्सेदार म्हणून बसला पाहिजे. अन्नदान करणारी मंडळी देणाऱ्याचा हात वर ठेवते. पाळ राखणाऱ्या मंडळीत सर्वांचेच हात मातीत असतात.

यासाठी मोठी तजवीज करावी लागत नाही. मृग लागण्यापूर्वीचा एक दिवस, जो विहाराच्या फळ्यावर, देवळाच्या ओट्यावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एकाच अक्षरात लिहिलेला असेल. त्या सकाळी भजनी मंडळ, विहाराची मंडळी आणि शेतकरी कुदळ-फावडी घेऊन पाळीवर यावेत. पुढे मत्स्यसंस्थेचा म्हातारा ढिवर चालावा, काठीने दाखवीत जावा की येथे खेकड्याचे बीळ आहे, येथे मूळ कुजले आहे, गेल्या वर्षी धार येथून सुटली होती. मागून येणाऱ्यांनी बीळ उकरावे, ओली माती भरावी आणि पायाने घट्ट तुडवावी. शेवटी सांडव्यापाशी पोहोचल्यावर खालच्या गावच्या माणसांना बोलावून तो मोकळा असल्याचे दाखवावे, म्हणजे त्यांच्या पाळीचे काम त्याच दिवशी सुरू होईल. कोलासुराला नारळ त्यानंतर फोडावा.